मेथड आपली, ओव्हरराइड दुसऱ्यांचे: नेटवर्किंग लायब्ररीत जुन्या सबक्लासना कसं सांभाळता?

पाणबुड्या (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. मेथडची नावं देवनागरीत लिहितोय, जरा विचित्र दिसतील. अंडरस्कोअर मनातल्या मनात घाला.

आमच्याकडे पायथनमध्ये एक घरगुती नेटवर्किंग लायब्ररी आहे आणि सध्या ती माझ्या गळ्यात आहे. त्यात 'ट्रान्सपोर्ट' नावाचा बेस क्लास. त्याची 'सेंड' मेथड आतून 'ओपन कनेक्शन' ला बोलावते आणि तिला होस्ट आणि पोर्ट एवढंच देते. वेगवेगळ्या टीमांनी ट्रान्सपोर्टचे सबक्लास करून, म्हणजे त्यावरून आपापले क्लास काढून, नेमकी ही 'ओपन कनेक्शन' ओव्हरराइड केली आहे, म्हणजे तिच्या जागी स्वतःची लिहिली आहे. कोणी प्रॉक्सीतून जातं, कोणी युनिक्स सॉकेटवर, तर कोणी टेस्टसाठी खोटं कनेक्शन परत करतं. तो कोड माझ्या हातात नाही, आणि त्यातला निम्मा मला दिसतही नाही.

आता मला 'ओपन कनेक्शन' पर्यंत दोन नव्या गोष्टी पोचवायच्या आहेत. एक डेडलाइन, म्हणजे या विनंतीला एकूण किती वेळ उरलाय ते. दुसरी टीएलएसची (कनेक्शन एन्क्रिप्ट करणाऱ्या प्रोटोकॉलची) सेटिंग्ज, म्हणजे सर्टिफिकेट तपासायचं की नाही, क्लायंट सर्टिफिकेट कोणतं वगैरे. मेथडला आणखी दोन आर्ग्युमेंट्स लावू, की नवी मेथड काढू, की सरळ मेजर व्हर्जन वाढवून हात वर करू? ज्यांनी लायब्ररी सांभाळली आहे त्यांचे अनुभव हवेत.

आर्यन_हडपसर

डिफॉल्ट व्हॅल्यू दे ना दादा. डेडलाइन = नन, टीएलएस = नन (पायथनचं 'काहीच नाही'). जुन्या कोणाचंच काही तुटणार नाही.

कोडगा

@आर्यन, तुटणार. डिफॉल्टमुळे वाचतात ते मेथडला *बोलावणारे*. इथे बोलावणारा लायब्ररीच आहे, आणि मेथड लिहिणारे बाहेरचे आहेत. 'सेंड' ने डेडलाइन दिली की सबक्लासची दोन आर्ग्युमेंट्सवाली मेथड टाइपएरर (इथे, आर्ग्युमेंट्स जुळत नसल्याचा एरर) फेकून मोकळी. बेस क्लासमधल्या तुझ्या डिफॉल्टपर्यंत गाडी पोचतच नाही, कारण ती मेथड चाललेलीच नसते.

फक्त फंक्शनं पुरवणाऱ्या लायब्ररीत एकाच बाजूची काळजी असते. ओव्हरराइड करू दिलं की दोन्ही बाजूंची. बाहेरचे तुला काय देतात हा एक करार, आणि तू आतून कोणाला, कधी आणि काय देऊन बोलावतोस हा दुसरा. दुसरा कुठेच लिहिलेला नसतो, तरी लोक त्यावर घरं बांधतात.

आर्यन_हडपसर

ओके, पटलं. मग सगळ्यांनी आधीपासून केडब्ल्यूआर्ग्ज (येतील ती जादा आर्ग्युमेंट्स झेलणारा पॅरामीटर) लावून ठेवायला हवं होतं.

मीनल_व

आर्यन, ते वरून सुरक्षित दिसतं, पण मग सबक्लास नवं आर्ग्युमेंट गिळून गप्प बसतो. उद्या "सर्टिफिकेट तपासू नको" च्या जागी "तपास" असं सांगितलं आणि सबक्लासने ते केडब्ल्यूआर्ग्जमध्ये घेऊन फेकून दिलं, तर एररही नाही आणि तपासणीही नाही. त्यापेक्षा टाइपएरर परवडला.

पाणबुड्या, तुमच्या पहिल्या पर्यायाचं एक शहाणं रूप पायथनच्याच स्टँडर्ड लायब्ररीत होतं. असिंकआयओ या मॉड्यूलमध्ये इव्हेंट लूप (अनेक कामं आळीपाळीने चालवणारा भाग) बाहेरच्यांनी लिहिलेला असू शकतो, म्हणजे 'क्रिएट टास्क' ही लूपची मेथड त्यांची. ३.११ मध्ये तिला 'कॉन्टेक्स्ट' हे नवं आर्ग्युमेंट आलं. तेव्हा वरच्या 'असिंकआयओ.क्रिएट_टास्क' फंक्शनमध्ये असं केलं: कॉन्टेक्स्ट नन असेल तर लूपला जुन्याच पद्धतीने बोलवायचं, आर्ग्युमेंट द्यायचंच नाही, कोणी खरंच कॉन्टेक्स्ट दिला असेल तरच ते पुढे पाठवायचं. तिथे कॉमेंटही होती, की गरज नसेल तर जुनंच एपीआय वापरा. परिणाम असा, की जुन्या लूपवर जुनं काम जसंच्या तसं चालायचं आणि तुटायचं ते फक्त नवी सोय मागणाऱ्याचं. त्याआधी ३.८ मध्ये टास्कला नाव द्यायची सोय आली तेव्हा तर या फंक्शनने लूपकडे नाव पाठवलंच नव्हतं. टास्क आधी बनवून घ्यायचा आणि त्याच्याकडे नाव ठेवायची मेथड असेल तर नंतर नाव ठेवायचं.

मला ही पद्धत फार आवडते. फक्त पाच शब्दांचा इफ आहे, पण कोणाचं बिल्ड फुटत नाही.

पाणबुड्या

मीनलताई, ही चांगली आहे. पण माझी डेडलाइन प्रत्येक विनंतीला असणार. "मागितली तरच" ही अट माझ्याकडे नेहमीच खरी होईल.

'आधी नव्या पद्धतीने बोलावून बघ, टाइपएरर आला तर जुन्या पद्धतीने' असं केलं तर?

कोडगा

ते नको रे बाबा. यूआरएललिब३ या पायथनच्या एचटीटीपी लायब्ररीच्या १.x मालिकेत बरीच वर्षं असंच होतं. पायथन २.७ च्या 'गेट रिस्पॉन्स' ला 'बफरिंग' आर्ग्युमेंट होतं, पायथन ३ मध्ये नव्हतं. म्हणून आधी बफरिंग देऊन बघायचं, टाइपएरर पकडायचा, मग त्याच्याशिवाय बोलवायचं. त्यातून काय झालं? पायथन ३ वर दुसऱ्या कॉलमध्ये साधा टाइमआउट जरी झाला तरी ट्रेसबॅकच्या डोक्यावर आधीचा टाइपएरर दिसायचा, आणि लोकांना वाटायचं लायब्ररीतच बग आहे. शेवटी तो टाइपएरर साखळीतून मुद्दाम काढून टाकणारा कोड घालावा लागला, आणि वर "नाहीतर हा आपल्याच कोडमधला बग वाटतो" अशा अर्थाची कॉमेंट.

आणि हा सौम्य प्रकार. तुझ्या बाबतीत सबक्लासची मेथड नवी आर्ग्युमेंट्स घेत असेल, कनेक्शन उघडून अर्ध्यात दुसऱ्याच कारणाने टाइपएरर फेकत असेल, तर तू ते पकडून पुन्हा जुन्या पद्धतीने बोलावशील. म्हणजे एक सॉकेट लटकलेलं, दुसरं उघडलेलं, आणि खरा एरर गायब.

जुनाजाणता

सी प्लस प्लसवाल्यांचं दुखणं सांगतो. आमच्याकडे तर टाइपएररसुद्धा नशिबात नसतो.

क्यूटी ही सी प्लस प्लसची एक लायब्ररी. क्यूटी ४ मध्ये 'क्यूटीसीपी सर्व्हर' नावाचा क्लास आहे. नवं कनेक्शन आलं की तो 'इनकमिंग कनेक्शन' ही व्हर्च्युअल (ओव्हरराइड करता येणारी) मेथड बोलावतो आणि सॉकेटचा डिस्क्रिप्टर (ओळख क्रमांक) देतो. प्रत्येक कनेक्शनला स्वतंत्र थ्रेड द्यायचा तर ही मेथड ओव्हरराइड करणं हा राजमार्ग, आणि तेव्हाच्या उदाहरणांतही तेच शिकवलं होतं. डिस्क्रिप्टरचा प्रकार होता इंट. डिसेंबर २०१२ मध्ये क्यूटी ५ आलं आणि तो 'क्यूइंटपीटीआर' झाला, म्हणजे पॉइंटरएवढ्या रुंदीचा पूर्णांक. कारण रास्त होतं. ६४ बिटांच्या विंडोजवर सॉकेटचं हँडल ६४ बिटांचं असतं, इंटमध्ये मावेल याची खात्री नाही.

आता गंमत बघा. जुना कोड क्यूटी ५ वर कंपाइल होतो. एकही एरर नाही. कंपायलरच्या दृष्टीने तुमची इंटवाली मेथड ही बेसच्या मेथडचं ओव्हरराइड नाहीच, त्याच नावाची एक वेगळीच मेथड आहे. सर्व्हर सुरू होतो, पोर्टवर ऐकतो, क्लायंट जोडलाही जातो. पण तुमची मेथड कोणी बोलावत नाही. बेसची मूळ मेथड चालते, ती एक सॉकेट बनवून 'वाट पाहणाऱ्या' यादीत टाकते. त्या यादीतून कनेक्शन उचलणारा कोड तुम्ही कधी लिहिलेलाच नसतो. यादीची मर्यादा मुळात ३०. ती भरली की सर्व्हर नवीन कनेक्शन घेणं थांबवतो.

आणि याहून वाईट म्हणजे ३२ बिटांच्या बिल्डमध्ये क्यूइंटपीटीआर म्हणजे इंटच. तिथे सगळं सुरळीत! म्हणजे एकाच्या मशीनवर चालतं, दुसऱ्याच्या नाही, आणि दोघं एकमेकांच्या फायरवॉलला शिव्या देतात.

क्यूटीवाल्यांनी हे लपवलं नव्हतं. ४ वरून ५ वर येताना काय बदलायचं त्या यादीत हे स्वच्छ लिहिलं आहे. पण यादी वाचतो कोण.

खारा_वारा

काका, सी प्लस प्लस ११ चं 'ओव्हरराइड' लावलं असतं तर कंपायलरने तिथेच कान पकडला असता ना?

जुनाजाणता

असता. पण तो कोड २०११ च्या आधीचा! बेस क्लासवाला सबक्लासवाल्याला ते लावायची सक्ती करूच शकत नाही. सी शार्पमध्ये ओव्हरराइड शब्द बंधनकारक आहे. जावात ॲनोटेशन ऐच्छिक, आमच्याकडे ऐच्छिक, आणि पायथनला तर ते २०२३ मध्ये ३.१२ बरोबर मिळालं, तेही टाइप-चेकर चालवला तरच कामाचं. जीसीसीला 'ओव्हरलोडेड व्हर्च्युअल' ची वॉर्निंग चालू करायला सांगितलं तर ती अशा जागी बोलते. कोणाचा जुना कोड वर चढवताना मी पहिल्यांदा ती चालू करतो.

कोडगा

काकांचा किस्सा भारी आहे. त्याचा पायथन अवतार अगदी अलीकडचा: रिक्वेस्ट्स या एचटीटीपी लायब्ररीचं २.३२. पाणबुड्या, हा नीट वाच, कारण तुझी केस याची सख्खी बहीण आहे.

रिक्वेस्ट्समध्ये 'एचटीटीपी ॲडॅप्टर' नावाचा क्लास आहे. २.३१ पर्यंत त्याची 'सेंड' मेथड आतून 'गेट कनेक्शन' ला यूआरएल आणि प्रॉक्सी देऊन बोलवायची. ज्यांना वेगळ्या वाटेने जायचं ते हीच ओव्हरराइड करायचे. सगळ्यात ठळक उदाहरण डॉकरची (कंटेनर चालवणाऱ्या टूलची) पायथन लायब्ररी. तिला टीसीपीऐवजी युनिक्स सॉकेटवरून डॉकर डीमनशी (मागे चालणाऱ्या सेवेशी) बोलायचं असतं, म्हणून 'एचटीटीपी प्लस डॉकर' अशी स्वतःची यूआरएल स्कीम आणि स्वतःचा ॲडॅप्टर.

मग एक सुरक्षेचं भोक सापडलं, सीव्हीई-२०२४-३५१९५ (सुरक्षादोषांच्या यादीतला क्रमांक). सेशनमधून एखाद्या होस्टला पहिली विनंती 'सर्टिफिकेट तपासू नको' म्हणून पाठवली, की पुढच्या विनंतीत 'तपास' असं सांगितलं तरी तपासणी होत नसे. कारण पूलमधलं (कनेक्शनांच्या साठ्यातलं) आधीच उघडलेलं कनेक्शन पुन्हा वापरलं जायचं आणि ते ज्या सेटिंगवर जन्मलं त्याच सेटिंगवर राहायचं. उपाय उघड होता: पूल निवडताना टीएलएसची सेटिंग्जही बघायची. पण पूल निवडणाऱ्या 'गेट कनेक्शन' ला तर फक्त यूआरएल आणि प्रॉक्सी मिळतात! तपासणीची माहिती तिच्यापर्यंत येतच नाही.

म्हणून मे २०२४ मध्ये २.३२.० आलं. त्यात 'सेंड' 'गेट कनेक्शन' ऐवजी अंडरस्कोअरवाल्या, म्हणजे खासगी, 'गेट कनेक्शन' ला बोलावू लागली. ज्यांनी जुनी ओव्हरराइड केली होती त्यांची मेथड जागच्या जागी राहिली, फक्त तिला कोणी हाक मारेना. डॉकरचं यूआरएल थेट मूळ कोडमध्ये गेलं आणि "ही स्कीम आम्हाला माहीत नाही" म्हणून एरर. डॉकरच्या लायब्ररीवर उभी असलेली कितीतरी टूल्स त्या दिवशी आडवी झाली.

२.३२.० आणि २.३२.१ मागे घेतली गेली. लगेच आलेल्या २.३२.२ मध्ये खासगी मेथडला सार्वजनिक नाव मिळालं, 'गेट कनेक्शन विथ टीएलएस कॉन्टेक्स्ट'. तिला पूर्ण विनंती, तपासणीची सेटिंग, प्रॉक्सी आणि सर्टिफिकेट हे सगळं मिळतं. जुन्या ॲडॅप्टरवाल्यांसाठी दोन ओळींचा उताराही दिला: नवी मेथड लिहा आणि तिच्यातून आपल्याच जुन्या मेथडला बोलवा. डॉकरच्या लायब्ररीने ७.१.० मध्ये तेच केलं.

दुष्काळात तेरावा महिना म्हणजे त्याच मालिकेत वेग वाढवायला एसएसएल कॉन्टेक्स्ट (टीएलएसच्या सेटिंग्जचा ऑब्जेक्ट) आधीच बनवून ठेवायची सोय केली होती. त्यामुळे ज्यांनी सबक्लासमध्ये स्वतःचा कॉन्टेक्स्ट दिला होता त्यांचा दुर्लक्षित होऊ लागला. ते २.३२.३ मध्ये दुरुस्त झालं.

मीनल_व

यात मला सगळ्यात खटकलेली गोष्ट वॉर्निंगची. जुनी 'गेट कनेक्शन' डेप्रिकेटेड (यापुढे वापरू नये अशी) आहे, नव्या मेथडकडे या, अशी वॉर्निंग कुठे घातली? बेस क्लासच्या 'गेट कनेक्शन' च्या *आत*. आता ज्यांनी ती ओव्हरराइड केली आहे त्यांच्याकडे बेसची मेथड चालतच नाही, सुपर म्हणून बोलावली तरच. म्हणजे ज्याला सांगायचं त्याच्या कानावर ते कधी जाणारच नाही, आणि जो नुसता बाहेरून ती बोलावतो त्याला मात्र "सबक्लास करणाऱ्यांनो, बदला" असा उपदेश. चोर सोडून संन्याशाला फाशी.

'सेंड' मध्ये एक तपासणी हवी होती: या ऑब्जेक्टच्या क्लासची 'गेट कनेक्शन' ही बेसचीच आहे का? नसेल आणि नवी ओव्हरराइड केलेली नसेल, तर तिथे काय ते बोला. एका ओळीची तुलना आहे.

कोडगा

वॉर्निंगबाबत सहमत. पण "जुनीलाच बोलावत राहायला हवं होतं" असा सूर असेल तर असहमत. जुनीला माहितीच मिळत नाही, मग तिला बोलावत राहणं म्हणजे सुरक्षेचं भोक जुन्या सबक्लासांसाठी मुकाट्याने उघडं ठेवणं. त्यांच्या दोन ओळींच्या उताऱ्यासोबतही इशारा होता, की तुमच्या ॲडॅप्टरला हेच दुखणं आहे का ते तपासा.

मीनल_व

जुनीलाच बोलवा असं मी म्हणतच नाहीये. स्पष्ट एरर द्या म्हणतेय. "तुमच्या अमुक क्लासने जुनी मेथड ओव्हरराइड केली आहे, ती आता बोलावली जात नाही, ही नवी लिहा." डॉकरवाल्यांना निदान एरर तरी मिळाला, तोही त्यांची स्कीम अनोळखी होती म्हणून. साध्या एचटीटीपीएस यूआरएलवर ज्याचा ॲडॅप्टर 'गेट कनेक्शन' मध्ये प्रॉक्सी बदलत होता, त्याच्याकडे सगळं चालू राहिलं आणि फक्त प्रॉक्सी वगळला गेला. काकांच्या इनकमिंग कनेक्शनसारखंच.

स्वरूपा_डॉटनेट

शेवटच्या वाक्यावरून: हे आमच्या डॉटनेटमध्येही आहे आणि अजून आहे.

एचटीटीपी क्लायंटच्या खाली हँडलरांची साखळी असते. मधला 'डेलिगेटिंग हँडलर' घ्यायचा, 'सेंड असिंक' ओव्हरराइड करायची, त्यात ऑथचं हेडर लावायचं आणि पुढच्या हँडलरला द्यायचं. हे सगळे करतात. डॉटनेट ५ मध्ये, २०२० साली, सिंक्रोनस (उत्तर येईपर्यंत थांबणारी) 'सेंड' मेथड आली. सगळ्यात मुळाच्या 'एचटीटीपी मेसेज हँडलर' मध्ये ती व्हर्च्युअल आहे आणि मुळात 'हे सपोर्ट होत नाही' असं एक्सेप्शन फेकते. इथवर उत्तम.

पण डेलिगेटिंग हँडलरमध्ये तीच 'सेंड' सरळ आतल्या हँडलरच्या 'सेंड' ला पुढे ढकलते. त्यामुळे तुमच्या जुन्या हँडलरने फक्त असिंकवाली ओव्हरराइड केली असेल आणि कोणी क्लायंटवर सिंक 'सेंड' बोलावली, तर विनंती तुमच्या हँडलरमधून आरपार जाते. हेडर लागत नाही, लॉगिंग होत नाही, काहीच नाही. सर्व्हरकडून ४०१ (ओळख पटली नाही) आला तर नशीब.

'सिंकमधून असिंकला बोलावून थांबायचं' हा पर्याय होता. पण सिंकमध्ये असिंकची वाट बघत बसणं म्हणजे थ्रेडपूल उपाशी मारणं, ते त्यांना नको असणार. मला विचाराल तर डेलिगेटिंगमध्येही एक्सेप्शनच हवं होतं.

त्याच घराण्यात चांगलं उदाहरणही आहे. 'स्ट्रीम' क्लासला डॉटनेट कोअर २.१ मध्ये स्पॅन आणि मेमरी (मेमरीचा तुकडा कॉपी न करता दाखवणारे प्रकार) घेणाऱ्या 'रीड' आल्या. बेसमध्ये त्या ॲरे भाड्याने घेतात, तुमची जुनी ॲरेवाली 'रीड' बोलावतात आणि डेटा कॉपी करतात. जुना सबक्लास बरोबर चालतो, फक्त थोडा सावकाश. वेग हवा असेल तर नवी ओव्हरराइड करा. आणि तसं सुचवणारा ॲनालायझरचा (कोड तपासणाऱ्या टूलचा) नियमही आहे.

पाणबुड्या

स्वरूपा, स्ट्रीमचं उदाहरण अगदी हवं तसं. म्हणजे मी नवी मेथड काढतो, 'ओपन कनेक्शन विथ ऑप्शन्स' म्हणू. 'सेंड' फक्त नवीला बोलावेल. बेसमधली नवी जुनीला बोलावेल, म्हणजे जुने ओव्हरराइड चालू राहतील. आणि खरा कोड नव्या मेथडमध्ये हलवून बेसमधली जुनी नवीला बोलावेल, म्हणजे कोड एकाच जागी. बरोबर?

खारा_वारा

थांबा थांबा. नवी जुनीला आणि जुनी नवीला? एखाद्या सबक्लासने जुनी ओव्हरराइड केली आणि त्यात शेवटी सुपरची जुनी बोलावली (प्रॉक्सीवाले हमखास हेच करतात), की: सबक्लासची जुनी, बेसची जुनी, बेसची नवी, पुन्हा सबक्लासची जुनी... रिकर्शन संपेपर्यंत. सबक्लास नसेल तर त्याहून लवकर.

खरा कोड तिसऱ्याच, कोणी ओव्हरराइड न करायच्या खासगी मेथडमध्ये ठेवा. बेसची जुनी खासगीला बोलावते. बेसची नवी, जुनी ओव्हरराइड झालेली असेल तर जुनीला, नाहीतर थेट खासगीला.

दिशा एकच ठेवली तर काय होतं त्याचं जावातलं उदाहरण: 'यूआरएल कनेक्शन' मधली 'गेट कंटेंट लेंग्थ'. ती इंट देते, म्हणजे २१४७४८३६४७ बाइटांच्या पुढे, दोन जीबीच्या वर, हात टेकते. जावा ७ मध्ये लाँग देणारी बहीण आली. तेव्हापासून बेसमधली जुनी नवीला बोलावते, आणि मावत नसेल तर उणे एक देते. नवी मात्र जुनीकडे बघत नाही, थेट हेडर वाचते. रिकर्शनची भीती नाही. पण ज्याने स्वतःच्या प्रोटोकॉलसाठी फक्त जुनी ओव्हरराइड केली होती, त्याच्याकडे नवीला विचारलं की हेडर नाही म्हणून उणे एक. तुटलं कोणाचं नाही, पण दोन बहिणी दोन उत्तरं देतात.

त्याच पॅकेजात 'यूआरएल स्ट्रीम हँडलर' ला जावा ५ मध्ये प्रॉक्सी घेणारी 'ओपन कनेक्शन' आली (नाव बघा पाणबुड्या, तुमचंच). तिथे त्यांनी मुळात एक्सेप्शन फेकलं. प्रॉक्सी मागितला आणि हँडलरला तो कळत नसेल, तर प्रॉक्सी सोडून थेट जोडणं धोक्याचं. मला तो निर्णय योग्य वाटतो.

आर्यन_हडपसर

मग कधी जुनीला बोलवायचं आणि कधी एक्सेप्शन फेकायचं? स्ट्रीममध्ये बोलावलं ते बरोबर, प्रॉक्सीत फेकलं तेही बरोबर म्हणताय.

मीनल_व

नवीन माहिती हरवली तर काय होतं ते बघायचं. मेमरीऐवजी ॲरे वापरला तर कॉपीचा खर्च होतो, निकाल तोच. प्रॉक्सी किंवा सर्टिफिकेटची तपासणी हरवली तर निकालच वेगळा, आणि कोणाला कळत नाही.

म्हणून पाणबुड्या, मला वाटतं तुमचं खरं गुंतागुंतीचं कारण हे आहे की तुम्ही दोन वेगळ्या जातीच्या गोष्टी एकाच बदलात घुसवताय. डेडलाइन पहिल्या जातीची. सबक्लासला ती कळली नाही तरी तुम्ही परत आलेल्या सॉकेटवर उरलेल्या वेळाचा टाइमआउट स्वतः लावू शकता, फक्त जोडणीच्या टप्प्याला लगाम राहणार नाही, जो आजही नाही. टीएलएस दुसऱ्या जातीची. तिथे जुना ओव्हरराइड दिसला आणि बोलावणाऱ्याने नेहमीपेक्षा वेगळी सेटिंग मागितली, तर एक्सेप्शन, क्लासच्या नावासकट. कोणी वेगळी सेटिंग मागितलीच नाही तर जुनं चालू द्या, असिंकआयओसारखं.

पाणबुड्या

हे माझ्या डोक्यात नव्हतं आलं. मग दोन रिलीज करतो: आधी डेडलाइन, मग टीएलएस. पण दुसऱ्या रिलीजला मेथडची सही (सिग्नेचर, म्हणजे ती कोणती आर्ग्युमेंट्स घेते ते) पुन्हा बदलायची का?

खारा_वारा

म्हणूनच नव्या मेथडला सुटी आर्ग्युमेंट्स देऊच नका, एकच ऑब्जेक्ट द्या. ओकेएचटीटीपी या जावाकडच्या एचटीटीपी लायब्ररीचा इंटरसेप्टर (विनंती मध्येच अडवून बदलणारा कोड) बघा. एकच मेथड, एकच आर्ग्युमेंट, 'चेन'. पुढे टाइमआउट बदलायची सोय आली ती चेनवर आली, इंटरसेप्टर लिहिणाऱ्याच्या मेथडची सही होती तशीच. त्यांचा 'इव्हेंट लिसनर' पण इंटरफेस नाही, रिकाम्या मेथडींचा ॲबस्ट्रॅक्ट क्लास आहे, त्यामुळे नवी घटना आली तर जुन्या लिसनरांना पत्ताही लागत नाही.

कोडगा

ऑब्जेक्ट द्या, पण त्यात नवं फील्ड आलं आणि सबक्लासने बघितलंच नाही, तर पुन्हा मीनलताईंचा केडब्ल्यूआर्ग्जवाला प्रश्न, वेगळ्या कपड्यांत. टीएलएससारख्या फील्डसाठी सबक्लासने क्लासवर "मला हे कळतं" असा झेंडा लावावा, नसेल तर बेसने नकार द्यावा.

अवांतर: डेडलाइन सॉकेटच्या 'क्रिएट कनेक्शन' ला टाइमआउट म्हणून देणार असशील तर सांभाळ. तो टाइमआउट डीएनएसच्या शोधाला लागू होत नाही. शिवाय होस्टचे अनेक पत्ते असतील तर प्रत्येक पत्त्याला नव्याने लागतो, म्हणजे पाच सेकंद आणि चार मेलेले पत्ते म्हणजे वीस सेकंद.

जुनाजाणता

माझं एक जुनं मत. बाहेरून बोलवायची मेथड आणि ओव्हरराइड करायची मेथड एकच ठेवू नये. बाहेरची 'सेंड' कोणी ओव्हरराइड करायची नाही. आतली 'डू सेंड' फक्त ओव्हरराइड करायची, बाहेरून कोणी बोलवायची नाही. मग दोन्ही करार वेगवेगळे बदलता येतात. हे पहिल्या दिवशी केलं तर फुकट, नंतर महाग.

स्वरूपा_डॉटनेट

+१. आणि जुन्या सबक्लासचे नमुने टेस्टमध्ये ठेवा. प्रॉक्सीवाला, युनिक्स सॉकेटवाला, सुपरला बोलावणारा, न बोलावणारा. त्यांचा कोड जसाच्या तसा, सुधारायचा नाही. यूआरएललिब३ ने 'रिट्राय' मधल्या 'मेथड व्हाइटलिस्ट' चं नाव १.२६ मध्ये 'अलाउड मेथड्स' केलं तेव्हा जुन्या नावाच्या टेस्टची वेगळी फाइलच ठेवली होती, २.० मध्ये जुनं नाव काढेपर्यंत. 'रिट्राय' स्वतःची नवी प्रत बनवतं तेव्हा हाताशी जुनं नाव आहे की नवं ते बघून तसं आर्ग्युमेंट द्यायचं, इतकी काळजी घेतली होती.

पाणबुड्या

धन्यवाद मंडळी. शेवटचं एक. "जुनी ओव्हरराइड झाली आहे का" हे मी ऑब्जेक्टच्या क्लासवरची मेथड आणि बेसची मेथड एकच आहे का ते बघून ठरवतोय. पण टेस्टवाली टीम सबक्लास करतच नाही, ते तयार ऑब्जेक्टवरच 'ओपन कनेक्शन' चिकटवतात. आणि वॉर्निंग नेमकी कधी द्यायची? प्रत्येक विनंतीला दिली तर लॉग भरून जाईल.

कोडगा

क्लासकडे बघितलंस तर चिकटवलेली मेथड दिसणार नाही, आणि तू थेट खासगीला जाशील. म्हणजे त्यांच्या टेस्ट खऱ्या नेटवर्कवर जातील. ऑब्जेक्टवरूनच मेथड घे, तिच्यातलं मूळ फंक्शन बेसच्या फंक्शनशी ताडून बघ. चिकटवलेल्या साध्या फंक्शनला 'फंक' ॲट्रिब्यूटच नसतं, तेव्हा ते नसेल तर 'ओव्हरराइड झालंय' असंच धर. मिक्सिनमधून (बाजूने जोडलेल्या क्लासमधून) आलेलं ओव्हरराइडही यात सापडतं.

वॉर्निंग सबक्लास बनतानाच दे, 'इनिट सबक्लास' मध्ये. क्लासमागे एकदाच येते. फक्त डेप्रिकेशनची वॉर्निंग पायथन एरवी दाखवत नाही, थेट चालवलेल्या मुख्य फाइलमधली असेल तरच. पायटेस्ट (टेस्ट चालवणारं टूल) मात्र दाखवतं, म्हणजे टीमांना ती बिल्डमध्ये दिसेल. स्टॅकलेव्हल दोन ठेव, नाहीतर ओळ तुझ्या फाइलची छापली जाईल आणि सगळे तुलाच फोन करतील.